चैत्रातल्या वाट्या

मंगळ., २८ एप्रिल २००९
शनिवारच्या नोंदीत चूक आहे. लिहिलंय, 'आईचं चैत्रातलं हळदीकुंकू नेहमीसारखं झालं. आईने सगळ्यांना वाट्या दिल्या.' नेहमीसारखं नव्हतं. दरवर्षी आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, बस्स. स्टीलच्या वाट्या यंदाच, आणि त्या लंडनला वेंब्लीच्या भारतीय बाजारातून मी आणल्या. प्रत्येकीत माझं निवडणुकीचं पत्रक घडी घालून ठेवलं, तेही मीच.
आधीचं खोडत नाही. मी सात वर्षांची होईपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं, तेव्हाचा नियम: चुकलेलं दिसू द्यायचं, बरोबर ते पुढे लिहायचं.

गुरु., ३० एप्रिल
ऑफिसनंतर दारोदार. सगळ्यांना कचऱ्याच्या बिन्सबद्दल बोलायचं असतं. बिन्स डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे, मी उभी राहतेय त्या काउंटी कौन्सिलकडे रस्ते, शाळा, लायब्ररी, म्हाताऱ्यांची देखभाल. एक गृहस्थ म्हणाले, "सो यू डू एव्हरीथिंग एक्सेप्ट द थिंग आय वॉन्ट." खरंच आहे.
शेवटी डोरोथीकडे. वय झालंय, एकटी असते. ती दिवसा जाते ते म्हाताऱ्यांचं डे सेंटर काउंटी बंद करणार आहे. मी अपक्ष उभी राहतेय ती त्यासाठीच, बाकीचे उमेदवार त्यावर गप्प आहेत. तिने केक कापला. मी नको म्हटलं. "इट्स ओन्ली केक, लव्ह." खाल्ला. गोड लागला नाही.

शनि., २ मे
काल अर्ज भरला. आज सुपरमार्केटच्या रांगेत देशपांडे काकू, आईची जुनी मैत्रीण. भर रांगेत, मोठ्याने: "काय गं कौन्सिलरबाई! संक्रांत जानेवारीत झाली ना? मग चैत्रात वाण कसलं? आमच्या ह्यांना म्हटलं, ही मतांची संक्रांत!" मागे कोणाला मराठी कळत नव्हतं म्हणून बरं. मग जवळ येऊन, "काळजी करू नकोस. वाटी पोचली, मत पोचेल."
मी हसले. हसण्याशिवाय काही सुचलं नाही, असं लिहिणार होते. पण बरंही वाटलं होतं. एक मत पक्कं, म्हणून.

सोम., ४ मे. बँक हॉलिडे
उमेदवारांसाठीची माहिती आज नीट वाचली. आधी फक्त खर्चाचं पान वाचलं होतं. मतासाठी वस्तू देणं, मतासाठी खाऊपिऊ घालणं, दोन्ही गुन्हे. डाळ-पन्हं दरवर्षीचं, त्याचं काही नाही. वाट्यांचं काय म्हणणार?
मेधाला फोन. माझी मैत्रीण, आणि या निवडणुकीत माझी एजंट. "वेडी आहेस का तू? स्टीलच्या वाटीला कोण लाच म्हणेल? निवडणूक विभागातले लोक हसतील."
"पत्रक होतं आत."
मग मेधा, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

शुक्र., ८ मे
अजून एक राहिलं. मेधालाही सांगितलं नाही.
हळदीकुंकवाच्या दिवशी स्नेहल आली होती. नवऱ्याच्या व्हिसावर नागपूरहून आलेली, इथे फारसं कोणी ओळखीचं नाही. भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं हे तिला मीच सांगितलं होतं, नाव नोंदवायलाही मीच मदत केली. तिने विचारलं, "ताई, मग मत कोणाला द्यायचं असतं?"
मी उत्तर दिलं नाही. तिच्या हातात वाटी ठेवली.
तिला वाटलं, हेच उत्तर. बरोबर वाटलं तिला.

शनि., ९ मे
आईला सांगितलं, वाट्यांचं निवडणूक अधिकाऱ्यांना कळवणार आहे.
"घरी आलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवायची पद्धत नाही आपली."
"दरवर्षी वाटीशिवायच पाठवतेस ना आई?"
ती कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "पोलीस विचारायला जातील का गं, सगळ्यांच्या घरी?"
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही.
"म्हणजे पुढच्या वर्षी कोणी यायचं नाही." एवढंच. रागावली असती तर सोपं गेलं असतं.
बाबा पेपरमागून: "आणि त्या डोरोथीबाईंचं काय?"

रवि., १० मे
नाव मागे घ्यायला परवा दुपारी बारापर्यंत मुदत आहे. मागे घेतलं तर सेंटरबद्दल बोलायला कोणी उरत नाही. नाही घेतलं आणि निवडून आले, तर स्नेहलच्या मताने कौन्सिलमध्ये बसायचं. दिवसभर हेच चाललंय. डोरोथीला फोन लावला, उचलायच्या आत ठेवून दिला.
मागे घ्यायचं की नाही, ठरत नाही. सांगायचं मात्र ठरलं. मेधा म्हणते, मीही येते. नको म्हटलं. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. काउंटी हॉल, निवडणूक विभाग. आईचं नाव घ्यायचं नाही, विचारलं तर मात्र खोटं बोलायचं नाही.
उद्या. सोमवार, ११ मे.