धुराचा वास

एर्मेक,

बिश्केकला माझ्या डोक्यातली गाठ काढली. पाण्यानं भरलेली, अंड्याएवढी. डॉक्टरांनी ती न फोडता, मिठाच्या पाण्यावर तरंगवत अलगद बाहेर घेतली. मग विचारलं, "ही जंताची गाठ, कुत्र्याकडून येते. मेंढी कापल्यावर कुत्र्याला कच्ची फुप्फुसं कोण घालायचं?"

"सगळेच," म्हटलं. तुझं नाव नाही घेतलं.

हे पत्र काही मी पाठवणार नाही, म्हणून सांगते. त्या गाठीमुळे झटके यायचे, त्याआधी मला शेणाच्या धुराचा वास यायचा, अगदी तुझ्या कोटाला यायचा तसा. पडण्याआधी क्षणभर वाटायचं, तू दारात आलायस.

आता झटके नाहीत, वासही नाही. तुझी आई म्हणते, "सुटलीस गं पोरी! आता त्या मॉस्कोवाल्यालाही डोक्यातून काढ. माझाच पोरगा आहे, पण तिकडे दुसरीबरोबर संसार करतोय मेला."

काल तंबूत लोणी काढताना एकदम तोच वास आला. मी घाबरले नाही. पडले तर लागू नये म्हणून खाली बसले, दाराकडे तोंड केलं आणि वाट पाहिली.

शेजारणीनं चूल पेटवली होती.

तरी बराच वेळ उठले नाही.

बुरुल