रुमालाबाहेरचा भाव

जळगाव, नोव्हेंबर १९४१
रविवार, संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही, पण जिंकलो मीच. लिहून ठेवतो.

आमचा आखूड धाग्याचा कापूस इतकी वर्षं जपानी गिरण्या उचलायच्या. यंदा सरकारने जपानशी व्यापारच बंद केला. धडा जपानला शिकवायचाय म्हणे. छडी बसली ती भडगावच्या नानांना. सकाळी बैल सोडता सोडता ते म्हणाले, "भाऊ, आते हाऊ कापूस कोन लेई?" मी त्यांचा दलाल. माझ्याकडे उत्तर नको?

तेवढ्यात मुंबईच्या गिरणीचा खरेदीदार आला. आम्ही रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतो, शेजारच्यालाही कळत नाही. याने रुमाल बाजूला सारला आणि पडेल भाव भर बाजारात ओरडून सांगितला. जपान गेला, आता जातील कुठे, असा तोरा!

रुमाल सारला कसा त्याने? तो रुमाल खरेदीदारालाच झाकतो, एवढंही कळू नये? त्याच्या भावावर किती चढायचं ते आता सगळ्या बाजाराला ठाऊक. मी तडक पलटणीच्या गाद्यांचा मक्ता घेतलेल्या शेठजींकडे गेलो. लढाई वाढतेय, शिपायांना गाद्या लागणारच, आणि गादीला आमचा कापूस उत्तम. शेठजींनी रुमालाखाली चढा भाव दिला. नानांची गाडी रिकामी झाली, मागोमाग बाकीच्याही वळल्या.

दिवेलागणीला खरेदीदार परत आला. गोड हसत, रुमाल पुढे करून. मी हात मागेच ठेवले.

"मोठ्याने बोला, साहेब," म्हटलं, "सकाळी येत होतं की."