अण्णाचं कमी कोलेस्टेरॉल

वडगाव, मंगळवार, संध्याकाळ

घरात शिकलेली मी एकटीच, म्हणून अण्णाचा, माझ्या मोठ्या भावाचा, रक्ताचा रिपोर्ट मीच वाचला. कोलेस्टेरॉल कमी. आई खूश. "त्येला तेलकट देतच न्हाय मी." मला हसू येईना. अण्णाला भास होतात. तसे भास होणाऱ्या काही जणांत कोलेस्टेरॉल कमी असलं, तर राग आणि जीव द्यायचे विचार जास्त दिसतात, असं कुठेतरी वाचलंय. त्याच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, एवढ्यावरून काही ठरत नाही, संशोधन चालू आहे. मग एवढं हळू का बोलले? काही लपवतात का?

दिवसभर घरच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या अण्णावर नजर ठेवली. तो गप्प का? आणि कोलेस्टेरॉल कमी.

शेवटी त्यानंच यंत्रमाग बंद केला. "पोलिसागत काय बघतीस गं? रगतात काय गावलं?"

"अण्णा, जीव द्यावा असं मनात येतं का तुझ्या?"

त्यानं हात शर्टाला पुसले. "येतंय. परवा लई आलतं. कुणी इचारलंच न्हाय."

डॉक्टरांना फोन केला. आत्ताच घेऊन या म्हणाले. आई रिक्षा बघायला गेलीय. अण्णा माझ्या शेजारी बसलाय. जायचं म्हणून शर्ट त्यानं स्वतःहून बदलला.