शेठचे तळपाय

६ मार्च, शुक्र.
आमचा कुत्रा शेठ आज चार महिन्यांचा. दासगावच्या भाचीने दिला तेव्हा ओंजळीत मावत होता. आता घरातली एक चप्पल धड नाही.
मुंबईहून सुहासचा फोन. "आई, डोंगरात एकटी जायचं नाही. कुत्रा तरी सोबत ने."
माथ्यावरच्या पाण्याच्या टाक्यातला गाळ आमचे हे दर वर्षी शिमगा झाला की उपसायचे, गुरांना पाणी राहावं म्हणून. गेल्या साली अर्धा उपसून आले. घमेलं वरच ठेवलं, उद्या जायचंच आहे म्हणाले. तो उद्या त्यांना मिळाला नाही.

८ मार्च, रवि.
शेठला घेऊन टाक्याकडे निघायला दहा वाजले. वाटेत मोठा कातळ. डोंगरात मी जन्मभर अनवाणी, मोळ्या आणलेल्या. मला चटका लागला नाही, तर त्यालाही लागणार नाही असं धरलं. मध्यावर बसलाच. ओढला तर केकाटला. पाय उचलून बघते तर कातडी सुटलेली.
टाकं दिसत होतं. परत फिरले. पदराची झोळी करून आणला.
पांडुभाऊजी, माझे धाकटे दीर, ओट्यावरून, "वयनी, डोंगर कोन चढला, तू का कुत्रा? आता पाळना बांध त्याला!"

९ मार्च, सोम.
पोलादपूरला डॉक्टरीणबाईंकडे. "आजी, तुमचे पाय साठ वर्षांचे, याचे चार महिन्यांचे." हाडं कोवळी, वर्षाचा होईतो मोठी चढण नको. उड्या नकोत. सकाळी लवकर, थोडंच. तो बसला की आपणही बसायचं. कातळावर आधी आपला हात पालथा ठेवून बघायचा.
त्यांनी कागद दिला. नातीच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले त्याचा उपयोग. दोनदा वाचला.

१५ मार्च, रवि.
पाय भरत आले. अंगणापुरतं फिरणं.
भाऊजी म्हणाले, "मी उपसतो टाका. घमेला पन आनतो खाली. एका दिसाचा काम हाय."
नको म्हटलं.
"मग याला बांध नि जा एकटी. सुहासला कोन सांगतंय?"
जाता येईल. वर जायचं मला भय नाही. खाली यायला कोणीतरी सोबत हवं...

२ एप्रिल, गुरु.
सहाला निघालो. वाटेवरच्या उंबरापर्यंत. तो बसला, मी बसले. पाणी पाजलं. कानातली गोचीड काढली. आठाला घरी.

१९ एप्रिल, रवि.
आज कातळाच्या कडेपर्यंत. हात पालथा ठेवला. गार. शेठ दहा पावलं पुढे जाऊन माझ्याकडे बघत राहिला. लंगडत नाही.
आत्ता गार आहे, येताना तापलेला असणार.
"चल," म्हटलं. तो आला नाही. मीही वळले नव्हतेच. बऱ्याच वेळाने दोघं उतरलो.
शेजारच्या सखूबाईची गाय पाण्यासाठी पार नदीपर्यंत उतरते म्हणे.
पाऊस दीड महिन्यावर. शेठ वर्षाचा होणार नोव्हेंबरात. टाकं उपसायला भाऊजींना अजून सांगितलं नाही.