शपथेवर मी मावशीला ओळखलं नाही

आदरणीय अर्लीन मावशी, वेंडेल काका, आणि दर रविवारी माझी खुर्ची भिंतीला लावून जेवायला बसणाऱ्या माझ्या सगळ्या माणसांनो,

आपल्यावर अन्याय झाला आहे! मला घरी सोडत नाहीत आणि का सोडत नाहीत तेही कुणी सांगत नाही. (मावशी, गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? माझी लेक नादीन शाळेत उलट उत्तरं देते म्हणे; ते माझ्याकडून आलंय, तिला रागावू नका.) माझी तब्येत उत्तम आहे. फक्त दार वाजलं की मी खाटेखाली शिरतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, तुरुंग आणि घर यांच्या मधल्या या मुक्कामात दिवसा टायरच्या गोदामात काम आणि संध्याकाळी पुन्हा कुलपाआड. शनिवार-रविवार मात्र घरी जायला फर्लोची रजा मिळते. शेजारच्या खाटेवरच्या क्लीओफसलाही मिळते, ज्याने इथल्या स्वयंपाकघरातून टर्की कोंबडी पळवली होती (अख्खी, कोटाखाली). मला दर वेळी 'नामंजूर'. म्हणून मी इथल्या संचालकांवर, प्रुइटसाहेबांवर, नागरी हक्कांचा दावा ठोकला. वकील मीच, तुरुंगातलं कायद्याचं कपाट मी उगाच वाचून काढलेलं नाही. सत्ता नकार देते तेव्हा तिने कारण दिलंच पाहिजे, नाहीतर कैदी आणि गोदामातला टायर यांत फरक काय उरला?

क्लीओफस म्हणाला, "लेका, ज्याच्या खिशात तुझी किल्ली, त्यालाच कोर्टात खेचतोस? एका सहीत तुला परत मोठ्या भिंतीआड पाठवेल तो."

"हक्क मागावे लागतात," मी म्हणालो.

"माग की, भाषणबाबा. पण आधी गाठोड्यात मोजे बांधून ठेव."

(ठेवले आहेत.) कारण दावा लागल्यापासून प्रुइटसाहेब रोज सकाळी हसून "सुप्रभात, मिस्टर बोल्डन" म्हणतात. मावशी, शिक्षा लागल्यापासून मला कुणी मिस्टर म्हटलं नव्हतं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

मंगळवारी सुनावणी झाली. मी असा कडाडलो की पेंगणारा पहारेकरीसुद्धा सावरून बसला. मग सरकारी वकीलबाई उठल्या. त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं की फर्लोआधी घरी फोन करून खात्री करतात, आणि त्या फोनचं ध्वनिमुद्रण लावलं. सगळ्या कोर्टात, मावशी, तुझा आवाज घुमला, "थॅडियस? कोण थॅडियस? या घरात असला कुणी जन्मलाच नाही! आणि मीसुद्धा घरी नाहीये!"

मावशी, तुला दोष देत नाही. अनोळखी माणसाने फोनवर घरच्या कुणाचं नाव घेतलं की आपण त्याला ओळखत नाही, ही आजीपासूनची शिस्त आहे. त्या शिस्तीने रूफस काकांना पोलिसांपासून दोनदा वाचवलं. पण न्यायाधीशांनी मला विचारलं, "या बाई कोण?" मी शपथेवर होतो. तोंड आपोआप बोललं, "ओळखत नाही, साहेब."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मिस्टर बोल्डन, यांच्याच घरी जायला मिळावं म्हणून तुम्ही दावा केलाय ना?"

मी लगेच खरं सांगितलं, माफी मागितली. पण ते म्हणाले, "आता तुमच्या दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवू? सोमवारी सकाळी इथूनच त्या घरी फोन लावू. घरच्यांनी ओळखलं, तर पुढे ऐकेन. नाहीतर दावा निकालात काढेन." दावा गेला की उरतो मी आणि उरतात प्रुइटसाहेब. आज त्यांनी माझ्यासाठी दारसुद्धा उघडून धरलं!

घाबरलेला, पण तत्त्वावर ठाम,
तुमचा थॅडियस

ता.क. मोजे पाठवू नका. बांधायला आणखी जागा नाही.

ता.क. पुन्हा: हे पत्र तुम्हाला धीर द्यायला लिहिलेलं नाही. सोमवारी फोन वाजेल. आवाज सरकारी असेल, माझं पूर्ण नाव घेईल. तुझ्या ओठांवर काय येईल ते मला माहीत आहे; माझ्याही आलं होतं. मावशी, ते गिळ, आणि मोठ्याने म्हण, "हो, थॅडियस आमचा आहे."