खोट्या सहीचा छडा

११ जून, सकाळ
संकल्प: रोज डायरी, तीही कॉम्प्युटरवर. तारीख तो आपोआप टाकतो, एक कटकट वाचली. निवृत्त माणसाने पेपर आणि मोबाईल दोन्ही बंद ठेवावेत, डोकं शांत राहतं. विरंगुळ्याला बुद्धिबळ. त्या प्रोग्रॅमची फुकट मुदत मागच्या आठवड्यात संपत आली होती, त्यावर जालीम उपाय केला. उपाय इथे लिहीत नाही.

हिची ग्रंथपालाची परीक्षा वीस तारखेला सकाळी दहाला, घरूनच. पास झाली तर शाळेच्या लायब्ररीत जागा पक्की. परीक्षेचा प्रोग्रॅम वेबसाइटवरून उतरवून कॉम्प्युटरवर बसवायचा आहे. मेहुणीसमोर मी म्हणून बसलो, दोन मिनिटांचं काम.

११ जून, दुपार
उतरवला. बसत नाही. सही ग्राह्य नाही म्हणतो. कंपनी प्रोग्रॅमवर डिजिटल सही करते, माल अस्सल असल्याची खूण म्हणून. पुन्हा उतरवला, पुन्हा तेच. अँटिव्हायरस बंद केला. तेच. एकाच नावाच्या पाच फायली जमल्या. तेवढ्यात मेहुणीचा फोन, झालं का म्हणून. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

१२ जून
चोर सापडला. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये शिरलो. सहीची तारीख सोळा जून. आज बारा. चार दिवसांनंतरची सही आज कोण करतं? शुद्ध बनावट. उगाच नाही आयुष्यभर ऑफिसात बिलं तपासली.

घरच्या फोनवरून हेल्पलाइनला झापलं. बाई म्हणाली, आधी तुमच्या कॉम्प्युटरची तारीख तपासा. तपासली. कॉम्प्युटरची तारीख आणि या डायरीतली तारीख तंतोतंत जुळते. तसं सुनावलं. बाईने तक्रार क्रमांक दिला आणि फोन ठेवला. हार मानली.

१३ जून
ही म्हणते, परीक्षा उद्या. धसका घेतला की माणसाच्या तारखा अशा घसरतात. वाद घातला नाही. मग तिने विचारलं, प्रोग्रॅम बसला ना. अजून आठवडा आहे, तोवर बसवूनच टाकणार, म्हणून हो म्हणालो. तुम्ही आहात म्हणून निभावतंय, म्हणाली. मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी बुद्धिबळ. हरलो.

१४ जून, सकाळी पावणेदहा
ही इस्त्रीचे कपडे घालून, चष्मा पुसून, पाण्याची बाटली घेऊन माझ्या खुर्चीमागे उभी. उठा म्हणते आहे. म्हटलं, आज चौदा. तिने मोबाईल पुढे केला. नंतर लिहितो.

२० जून
ही तारीख मी हाताने टाकली.

तिच्या मोबाईलवर वीस होती. मग आठवलं. बुद्धिबळाची मुदत लांबावी म्हणून मीच कॉम्प्युटर सहा दिवस मागे नेला होता आणि विसरलो होतो. तारीख सरळ केली तशी सही लगेच ग्राह्य झाली. बिचारी पहिल्यापासून खरीच होती.

प्रोग्रॅम बसेपर्यंत साडेदहा वाजले. वाया गेलेला वेळ वाढवून मिळणार नाही, असं पडद्यावर आलं. तिने मला बाहेर जायला सांगितलं, आवाज न चढवता. चढवला असता तर बरं झालं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीही घासली. हेल्पलाइनच्या बाईची माफी मागायला फोन उचलला आणि ठेवून दिला. इतकी लाज मला उभ्या नोकरीत वाटली नव्हती.

बारा वाजता ती बाहेर आली. शेवटचे दोन प्रश्न राहिले, येत होते, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, बहुधा एखाद्या व्हायरसने तारीख मागे नेली असावी. ती पाणी प्यायली, पेला उपडा ठेवला आणि म्हणाली, तोच का, जो रोज बुद्धिबळात हरतो?

हो म्हणालो.