माझ्या सुऱ्या, एक पक्कड आणि बाकीझिओचा हात

मी, गाविना मुस्काऊ, कै. पास्काले कोसेद्दू यांची पत्नी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मेंढपाळी, राहणार ओर्तुआई, प्रांत नुओरो, आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत, माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. वाचायला चष्मा लागतो, चढावर गुडघा धरतो, पण डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला पाहावा. मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला माणसे येऊन गेली. त्यांना कॉफी दिली आणि परत पाठवले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी जुने काढून दाखवले तर ते खोटे समजावे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. आमच्या गावात मात्र एकट्या कागदावर कोणाचा विश्वास बसत नाही, म्हणून दोन साक्षीदार घेतले आहेत. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

कलम १. राहते घर, मागचे अंगण आणि पोस्टातली शिल्लक माझा मुलगा सिमोने याला द्यावी. अट काही नाही. छपराच्या पन्हळी पानांनी तुंबतात, त्या साफ करत जावे, एवढे सांगणे. दफनानंतरच्या जेवणात मेंढीचे उकडलेले मटण आणि बटाटे करावेत. रानडुकराचे मटण करू नये. ते कोणी मारले यावर वाद होतो.

कलम २. मेंढ्या मी हयातीतच विकल्या आहेत. घंटा तेवढ्या ठेवल्या आहेत. ज्याला आवाज आवडेल त्याने न्याव्यात.

कलम ३. माझी दुनळी बंदूक आणि उरलेली काडतुसे सिमोनेने ठाण्यात जमा करावीत. एक रात्रही घरात ठेवू नये, कोणाला "सांभाळायला" देऊ नये. गावात बंदुका पुरेशा आहेत. त्यातल्या एकीचे छर्रे माझ्या फाटकात रुतलेले आहेत. ते मी मुद्दाम काढलेले नाहीत.

कलम ४. आता ज्यासाठी सगळे जमले असतील ते.

माझ्या नवऱ्याचा मिटवायचा चाकू, मेंढ्याच्या शिंगाची मूठ, पाते मेंदीच्या पानाच्या आकाराचे, हा माझ्या सासऱ्यांकडून थोरला म्हणून पास्कालेकडे आला. माझे धाकटे दीर बाकीझिओ यांनी गुत्त्यात चारचौघांत जाहीर केले आहे की वहिनी गेली की चाकू कोसेद्दूंच्या रक्ताकडे परत येईल, आणि नाही आला तर तो कसा आणायचा हे आम्हाला ठाऊक आहे. हे वाक्य मला तिघांनी येऊन सांगितले. तिघांनीही आवाज खाली करून सांगितले.

तो चाकू मी माझी सून इलारिया हिला देत आहे. कारण सविस्तर लिहिते, म्हणजे मागून कोणी आपल्या मनाने भर घालणार नाही.

इलारिया लिव्होर्नोची. ओल्बियाच्या बंदरात मोठ्या बोटींवर काम करते. दोरखंड आणि तारा हेच तिचे दिवसभराचे काम. तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात तिला आमची शिकार बघायची होती. परवाना नव्हता, म्हणून बंदूक नाही. माझ्या जागेवर माझ्या मागे बसायचे असे ठरले. सकाळी मी सुऱ्यांचा खण उघडला आणि म्हटले, निवड. तिने सगळ्यात लांब होती ती उचलली.

"आई, ही घेऊ?"

"ही हातात धरून फोटो काढ आणि परत ठेव. मोठं पातं झुडपात अडकतं आणि बसलं की मांडीला टोचतं. पातं आपल्या तळहाताएवढं पुरे."

मग तिने एक मिटवायची घेतली. मी म्हटले, ही भाकरी आणि चीज कापायला. रक्ताने हात ओला झाला की नखाने पाते उघडत नाही, आणि सांध्यात चरबी गेली की मिटत नाही. रानात कामाची सुरी म्यानातून एका हाताने, न बघता निघाली पाहिजे. मूठ लाकडाची असो की रबराची, ओल्या हातातून निसटता कामा नये, आणि बोट पात्यावर घसरू नये म्हणून पुढे आडवी पट्टी हवी. धार आदल्या दिवशी घरी लावायची. रानात धार लावत बसणारा माणूस घरी काय करत होता?

तिने माझ्यासारखीच एक आखूड, घट्ट पात्याची सुरी कमरेला लावली. मग खिशातून आपली पक्कड काढून दाखवली. मिटली की मुठीत मावणारी, उघडली की पुढे पक्कड, पोटात तार कापायची धार, बाजूला छोटा चाकू, करवत, पेचकस.

"ही मी आणलीय. ही नसली की मला उघडंउघडं वाटतं."

"घे. खिशाला जड नाही झाली म्हणजे झालं."

जमायच्या जागी बाकीझिओने ती पाहिली. त्यांच्या स्वतःच्या कमरेला मुलाने, म्हणजे लुस्सोरिओने, भेट दिलेले हातभर लांब शस्त्र होते. पाठीला करवतीचे दाते, मुठीत होकायंत्र.

"वहिनी, सुनेला नळ दुरुस्त करायला आणलंय का?"

"गळत असेल तर सांगा, काका," इलारिया म्हणाली.

शिकारीची टोळी हसली. बाकीझिओही हसले. त्यानंतर ते माझ्यासमोर हसलेले नाहीत.

माझी आणि बाकीझिओची जागा लिदोने नावाच्या उतारावर शेजारीशेजारी होती. हाकाऱ्यांनी डुक्कर उठवले, बाकीझिओची गोळी लागली, पण मागच्या बाजूला, आणि ते दाट झुडपात शिरले. जखमी डुकरामागे लगेच जायचे नाही, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असते. पण आतून त्यांची कुत्री पिंता केकाटली. ते तिला लेकीसारखी वागवत. ते तिच्यामागे आत गेले. मग कुत्रीचा आवाज बंद झाला आणि त्यांचा आला.

झुडपात डुकरांनी पाडलेल्या बोगद्यातून आम्ही दोघी गुडघ्यांवर सरकत आत गेलो. आत जेमतेम बसण्याएवढी जागा होती. पिंताच्या गळ्यात पोलादी तारेचा फास होता. तो सैल करायला बाकीझिओने डावा हात आत घातला आणि तेवढ्यात कुत्रीने झेप घेतली. आता दोन बोटे आणि कुत्रीची मान एकाच फासात होती. ती जितकी ओढत होती तितकी तार बोटांत जात होती. उजव्या हाताने ते त्या मोठ्या सुरीचे दाते तारेवर घासत होते. तार पिळाची होती. दाते नुसते घसरत होते आणि प्रत्येक घसरणीला टोक कुत्रीच्या डोळ्यापाशी जात होते.

समोरच्या पाल्यात सुळे एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता. डुक्कर गेले नव्हते. ते आमच्याकडे तोंड करून उभे होते.

मी त्यांच्या पुढे जाऊन गुडघ्यावर बसले आणि बंदूक खांद्याला लावली. काहीच दिसत नव्हते, फक्त पाने हलत होती.

"वहिनी, पोरीला बाहेर काढा," बाकीझिओ म्हणाले.

"काका, ती सुरी खाली टाका," इलारिया म्हणाली. "आणि कुत्रीला पायांत धरा. मांड्यांत दाबा तिला. हलू देऊ नका."

"तुटत नाही ती."

"एकदम तुटत नाही. एकेक पदर तुटतो."

माझ्या मागे बारीक आवाज येऊ लागला. टक्. मग काही नाही. मग पुन्हा टक्. मी मागे बघू शकत नव्हते. मी मनात म्हणत होते की तार किती पदरांची आहे हे तिने मला सांगू नये.

डुक्कर आले तेव्हा पाने हललीच नाहीत, एकदम काळे अंगच दिसले. पहिली गोळी दगडावर गेली. दुसरी छातीत बसली, पण त्याचा जोर थांबला नाही. ते माझ्या पायांवर येऊन पडले आणि पडल्यापडल्या मान फिरवू लागले. सुळा माझ्या बुटात शिरला. बंदूक रिकामी होती. आखूड सुरी हातात कधी आली मला आठवत नाही. आली, एवढे खरे, आणि जिथे जायला हवी होती तिथे गेली.

मग मागून इलारियाचा आवाज आला, अगदी साधा, जणू टेबल पुसून झाले. "सुटलं, आई."

पिंता जगली. बाकीझिओची डाव्या हाताची दोन बोटे जगली नाहीत. हात जगला.

यापुढचे मी तोलून लिहिते. फासाचे टोक तांब्याच्या नळीचा तुकडा ठोकून बंद केलेले होते. तशी नळी ठोकून कुंपणाची तार बांधणारा माणूस आमच्या डोंगरात एकच आहे: लुस्सोरिओ, बाकीझिओचा मुलगा. ती नळी त्यांनी माझ्याआधी पाहिली. रक्ताचा हात तिच्यावर ठेवला.

"वहिनी, हे इथेच राहू दे."

"भाऊजी, उद्या या फासात कुणाचं पोर अडकलं तर?"

"मी त्याच्याशी बोलतो. घरात."

"घरात बोलून रान सुटत नाही."

इलारियाच्या हातातला तारेचा तुकडा मी वनरक्षकांना दिला आणि विचारले तेवढे सांगितले. लुस्सोरिओचा परवाना गेला, खटला झाला. मी चुकले असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. बाकीझिओने माझ्याशी बोलणे सोडले. टोळीत दोन तट पडले. त्याच हिवाळ्यात कोणीतरी माझ्या फाटकावर छर्रे झाडले. सिमोने ओल्बियाहून रागाने निघाला होता. मी त्याला फोनवर सांगितले, आलास तर दार उघडणार नाही. तेव्हापासून या गावात दोन कोसेद्दू समोरासमोर आले की तिसरा माणूस रस्ता बदलतो.

कलम ५. पक्कड. ती इलारियाने त्या दिवसानंतर मलाच दिली होती. ती खणात शोधू नये. ती मी हयातीतच दिली आहे आणि कोणाला, हे सांगण्यासाठीच हे कलम.

गेल्या सप्टेंबरात दुपारी लुस्सोरिओ दारात उभा राहिला. खांद्यावर पोते.

"काकू, आत येऊ?"

"बंदूक आहे जवळ?"

"परवाना तुम्हीच घालवलात."

"मग ये."

त्याने पोते फरशीवर उलटे केले. गंजलेले फास, एकमेकांत गुंतलेले, काहींना केस चिकटलेले. मी दाराकडे पाहिले, ते उघडे होते. त्याने माझे पाहणे पाहिले.

"भांडायला नाही आलो. हे मी काढलेत. सगळे माझे नाहीत. कुणाचे ते विचारू नका."

"नाही विचारत."

"अजून आहेत उतारावर. लावताना खूण ठेवली नव्हती. माझ्या पकडीचे दात उडाले. तुमच्याकडची ती द्या."

"बाजारात मिळते."

"मिळते." तो फासांकडे बघत राहिला. "मला ती हवीय."

मी खण उघडला नाही. विचारले, "बापाला सांगितलंस?"

"नाही. ते यावरून मला एकदाही बोलले नाहीत, काकू. एकदाही नाही. जेवताना डावा हात टेबलाखाली ठेवतात. मी समोरच बसतो."

"माझ्या फाटकावर तू झाडल्यास गोळ्या?"

"नाही." त्याने रिकामे पोते उचलले. "कुणी ते माहीत आहे."

"ते मला सांगू नकोस. सांगितलंस तर मला काहीतरी करावं लागेल."

पक्कड मी त्याला दिली. त्यानंतर तो दर आठवड्याला उतारावर जातो, एकटा, बंदुकीशिवाय. तट पाडलेल्यांपैकी कोणी त्याला तिथे वाकलेले पाहिले तर फास लावतोय असेच समजेल आणि मग काय होईल याची मला भीती वाटते. म्हणून हे लिहून ठेवते: तो काढतो आहे, लावत नाही. मी पोती पाहिली आहेत.

कलम ६. लिदोने उताराचा माझा तुकडा आणि त्यावरची दगडी झोपडी लुस्सोरिओ कोसेद्दू याला द्यावी. सिमोनेची यास संमती आहे. त्याने आधी नाही म्हटले, मग फोन ठेवला, मग परत फोन करून हो म्हटले. ज्या रानात एखाद्याने फास लावले ते रान त्याच्याच नावावर असावे. तिथे अडकणारे प्रत्येक जनावर मग त्याच्या दारात ओरडेल.

कलम ७. माझी आखूड सुरी, ऑलिव्हच्या लाकडाची मूठ, म्यानासह, माझे दीर बाकीझिओ कोसेद्दू यांना द्यावी.

भाऊजी, हे वाचले जात असताना तुम्ही समोर बसलेले असाल, उठायच्या तयारीत. बसा. पास्कालेचा चाकू तुम्हाला दिला नाही तो रागाने नाही. तो उघडायला एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या नखाने ओढावा लागतो. तुम्ही तो दुसऱ्या कोणाकडून उघडून घ्याल का? मी तुम्हाला ओळखते. तुम्ही तो भिंतीवर टांगाल आणि रोज त्याच्याकडे बघून कडू व्हाल. माझी सुरी एका हाताने निघते. म्यान मी उसवून उजव्या बाजूला येईल असे पुन्हा शिवले आहे. टाके वाकडे आहेत, पण मेणाच्या दोऱ्याचे आहेत.

तुमच्या मुलाने काय केले आहे ते आता तुम्ही सगळ्यांच्या समोर ऐकले. चारचौघांत ऐकवले म्हणून मला शिव्या द्यायच्या तर द्या, मला ऐकू येणार नाही. तो तुमच्या समोर, मान खाली घालून बसलेला असेल. तुम्ही काही बोलू नका, भाऊजी. बोलणे तुम्हाला कधी जमले नाही. फक्त डावा हात टेबलावर ठेवा.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

सही: गाविना मुस्काऊ

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली:
बोनारिया लोस्तिया, पावभट्टी, ओर्तुआई (सही)
तोमाझो फ्रोंजा, शिकार टोळीचा म्होरक्या, ओर्तुआई (सही, यांनी दोन्ही तटांच्या वतीने वाचनास हजर राहण्याचे मान्य केले आहे)

स्थळ: ओर्तुआई
दिनांक: ४ मार्च २०२४